चेंडू सुटतो त्या क्षणी: मुलींच्या सॉफ्टबॉलमधील लीड-ऑफ आणि बेसची चोरी

सॉफ्टबॉल हा बेसबॉलच्या कुळातला, पण त्याहून बऱ्याच लहान मैदानावर खेळला जाणारा खेळ असून मुलींच्या आणि स्त्रियांच्या स्पर्धांत त्याचा फास्टपिच हा प्रकार, म्हणजे हात खालून आणत पण पूर्ण वेगाने चेंडू टाकण्याचा प्रकार, जगभर रूढ आहे. चौरसाच्या चार कोपऱ्यांवर चार बेस असतात. त्यांपैकी होम प्लेटपाशी बॅटर उभी राहते, तिच्यासमोर ४३ फुटांवर, म्हणजे १३.११ मीटरवर पिचर असते, आणि तीन बेस ओळीने गाठून जी खेळाडू पुन्हा होम प्लेटला पोहोचते ती संघाला एक धाव मिळवून देते. एखाद्या बेसवर पोहोचून पुढे जाण्याच्या संधीची वाट पाहणाऱ्या खेळाडूला रनर म्हणतात. बॅटरच्या टोल्याची वाट न पाहता, पिचरने चेंडू टाकताच पळून पुढचा बेस मिळवणे म्हणजे स्टील, अर्थात बेसची चोरी. आणि चोरी करायची नसली तरी प्रत्येक चेंडूबरोबर बेसपासून काही पावले पुढे येऊन सज्ज राहणे म्हणजे लीड-ऑफ. प्रेक्षकांच्या लक्षात चोरी राहते, कारण तिच्यात धूळ उडते आणि पंचाचे हात आडवे पसरतात. परंतु प्रशिक्षणाच्या दृष्टीने लीड-ऑफ हीच अधिक मोलाची गोष्ट आहे, कारण चोरी एखाद-दोन डावांत एकदा घडते आणि लीड-ऑफ प्रत्येक रनरला प्रत्येक चेंडूवर घ्यावा लागतो.

बेसबॉलमध्ये दोन बेसमधील अंतर ९० फूट असते आणि रनरला चेंडू टाकला जाण्यापूर्वीच बेस सोडून पुढे सरकण्याची मुभा असते. पिचर तिकडे चेंडू फेकून त्याला बाद करण्याचा प्रयत्न करू शकतो आणि या दोघांमधील लपंडाव हा त्या खेळाचा एक भागच आहे. सॉफ्टबॉलमध्ये हे अंतर ६० फूट, म्हणजे १८.२९ मीटर एवढेच आहे. एवढ्या थोड्या अंतरात आगाऊ पाच-सहा पावले पुढे जाण्याची मोकळीक दिली तर होम प्लेटमागे बसून चेंडू पकडणाऱ्या कॅचरला चोरी रोखणे जवळजवळ अशक्य होईल, आणि म्हणूनच चेंडू पिचरच्या हातातून सुटेपर्यंत रनरचा पाय बेसला लागलेला असलाच पाहिजे असा या खेळाचा दंडक आहे. १८८७ मध्ये शिकागोतील फॅरागट बोट क्लबच्या बंदिस्त दालनात जन्मलेल्या या खेळाला जागेची चणचण पहिल्यापासूनच होती, आणि त्या चणचणीतून आलेली छोटी अंतरे पुढे मोकळ्या मैदानावर येऊनही टिकली.

क्रिकेट पाहणाऱ्या मराठी वाचकाला हा दंडक परका वाटू नये. गोलंदाजाने चेंडू सोडण्याआधीच क्रीझ सोडणाऱ्या नॉन-स्ट्रायकरला धावबाद करण्याचा वाद विनू मंकड यांनी १९४७ मध्ये सिडनीत बिल ब्राउन यांना बाद केले तेव्हापासून धुमसत आहे, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये लॉर्ड्सवर दीप्ती शर्माने चार्ली डीनला अशा रीतीने बाद केल्यावर तो पुन्हा पेटला. सॉफ्टबॉलमध्ये या वादाला जागा उरलेली नाही, कारण इथे बाद करण्याचा निर्णय प्रतिस्पर्धी खेळाडूच्या इच्छेवर सोपवलेला नाही. रनरचा पाय लवकर सुटला असे मैदानावरील पंचाने पाहिले की चेंडू तत्काळ मृत ठरतो, तो पिच मोजला जात नाही आणि रनर बाद होते. त्यामुळे सॉफ्टबॉलमधील रनरला कोणाच्या खिलाडूवृत्तीवर विसंबून राहता येत नाही. तिला क्षण नेमका पकडता आला पाहिजे, एवढेच.

हा क्षण किती बारीक असतो हे समजण्यासाठी थोडा हिशेब मांडणे आवश्यक आहे. पिचर चेंडू सोडते तेव्हा ती पिचिंग प्लेटच्या बरीच पुढे झेपावलेली असते, त्यामुळे चेंडूला प्रत्यक्षात सुमारे ३७ फूट, म्हणजे सव्वाअकरा मीटरच कापायचे असतात. शालेय स्तरावरील चांगल्या पिचरचा वेग ताशी ८० किलोमीटर धरला तर त्याला साधारण अर्धा सेकंद लागतो. कॅचरच्या हातमोज्यात चेंडू आल्यापासून तो दुसऱ्या बेसवरील क्षेत्ररक्षकाच्या हातमोज्यात पोहोचेपर्यंतच्या वेळाला पॉप टाइम म्हणतात. होम प्लेट ते दुसरा बेस हे कर्णरेषेवरील अंतर २५.८६ मीटर असल्याने शालेय कॅचरला त्यासाठी दोन सेकंद किंवा त्याहून थोडा अधिक वेळ लागतो. पकडलेला चेंडू रनरच्या अंगाला लावायला, म्हणजे टॅग करायला, सेकंदाचा दशांश-दोन दशांश जातो. ही सगळी बेरीज पावणेतीन सेकंदांच्या घरात जाते, आणि चपळ शाळकरी मुलीला उभ्या स्थितीतून ६० फूट धावायला तीन सेकंदांच्या आसपास वेळ लागतो. म्हणजे सगळे नेमके झाले तर कॅचर जिंकते. थोडी चूक, थोडी आडवी गेलेली फेक किंवा थोडा संथ चेंडू मिळाला तर रनर जिंकते. चोरीचे सगळे प्रशिक्षण या दोन आकड्यांमधील पाव सेकंदाच्या फटीत घडते.

या फटीचा मोठा भाग पायांच्या वेगातून मिळत नाही. डोळ्यांना काही दिसल्यापासून शरीर हलेपर्यंत माणसाला साधारण दोन दशांश सेकंद लागतात. चेंडू हातातून सुटलेला पाहून मग निघणारी मुलगी त्यामुळे दोन दशांश सेकंद उशिरा निघते, आणि दुसऱ्या बेसपाशी पोहोचताना तिचा वेग सेकंदाला साडेसहा मीटरच्या आसपास असेल तर ती जिथे असायला हवी तिथून सव्वा मीटरहून अधिक मागे असते. टॅग होण्यासाठी एवढे अंतर फार झाले. याउलट जी मुलगी पिचरची हालचाल वाचून चेंडू सुटण्याच्या क्षणाचा आधीच अंदाज बांधते आणि नेमकी त्याच क्षणी बेस सोडते, ती पायांनी सामान्य असूनही चोरीच्या स्पर्धेत येते. संघातल्या दोन-तीन वेगवान मुलींनाच चोरी शिकवायची आणि बाकीच्यांना बेसवर उभे ठेवायचे, ही अनेक प्रशिक्षकांची सवय म्हणूनच चुकीची आहे. वेग बव्हंशी जन्माने येतो आणि हंगामभरात फार वाढत नाही. क्षण पकडण्याची कला मात्र शिकवता येते आणि ती कोणत्याही मुलीला शिकता येते.

ती शिकवायची तर आधी पिचरचा हात पाहायला शिकवावे लागते. फास्टपिच पिचर पवनचक्कीच्या पात्यासारखा हात पूर्ण फिरवते: दोन्ही हात एकत्र, मग मागच्या पायाने जोराचा रेटा, हात पुढून वर, डोक्याच्या वरून मागे आणि मग वेगाने खाली, आणि चेंडू मांडीजवळ कमरेखाली सुटतो. हात डोक्यावरच्या सर्वोच्च बिंदूपासून चेंडू सुटण्याच्या बिंदूपर्यंत येण्यास लागणारा वेळ सेकंदाच्या दशांशाच्या आसपास असतो, म्हणजे माणसाच्या प्रतिसादाच्या वेळेहूनही कमी. याचा अर्थ असा की हात खाली येऊ लागल्यावर निघायचे ठरवणेही उशिराचे ठरते. शरीराला निघण्याची आज्ञा हात वर चढत असतानाच मिळालेली असावी लागते, आणि पाय मात्र बेसवर शेवटपर्यंत दाबलेला असावा लागतो. प्रत्येक पिचरची लय वेगळी असते. कोणी हात हलवण्यापूर्वी लांब थांबते, कोणी झटक्यात सुरू करते, कोणाचे पुढचे पाऊल जमिनीला टेकणे आणि चेंडू सुटणे यांत नेहमी सारखेच अंतर असते. म्हणून चांगल्या संघातील मुली स्वतः फलंदाजीला येण्याआधी बाकावर बसून पिचरची लय तोंडाने मोजत असतात, आणि पहिल्या बेसवर पाय ठेवेपर्यंत ती लय त्यांच्या अंगात भिनलेली असते.

पाय कुठे ठेवायचा याच्या दोन पद्धती अमेरिकेतील शालेय आणि महाविद्यालयीन संघांत प्रचलित आहेत. पहिलीत रनर धावण्याच्या शर्यतीप्रमाणे पुढच्या बेसकडे तोंड करून उभी राहते. डावा पाय बेसच्या पुढच्या कडेला रोवलेला, उजवा त्याच्या पुढे जमिनीवर, अंग झुकलेले. यात हालचाल कमी, त्यामुळे चूक कमी. पण सुरुवात पूर्ण स्थिर अवस्थेतून करावी लागते. दुसऱ्या पद्धतीला रॉकर म्हणतात. तिच्यात डावा पाय बेसच्या पुढच्या कडेवर असतो, पण उजवा पाय बेसच्या मागे, जमिनीवर असतो आणि अंगाचा भार त्या मागच्या पायावर असतो. पिचरचा हात वर चढू लागला की भार पुढे झुकू लागतो, उजवा पाय मागून उचलून बेसवरून पुढे येतो, आणि तो बेसच्या पुढे जमिनीला टेकतो न टेकतो तोच चेंडू सुटतो व डाव्या पायाचा अंगठा बेसची कड मागे रेटतो. म्हणजे चेंडू सुटेपर्यंत बेसचा स्पर्श कायम असतो, नियम मोडला जात नाही, आणि तरीही शरीर आधीच गतिमान झालेले असते. या सुरुवातीने सेकंदाचा दशांश वाचतो. पण ती बिघडली तर दुहेरी तोटा होतो, कारण लवकर झाली तर रनर बाद होते आणि उशिरा झाली तर मागे गेलेला भार पुढे आणण्यात वेळ जातो. नवख्या मुलीला आधी पहिली पद्धत पक्की करून द्यावी आणि रॉकर पुढच्या हंगामात शिकवावा, हे शहाणपणाचे आहे.

सरावात हा क्षण दिसायचा कसा, ही प्रशिक्षकाची खरी अडचण असते, कारण पिचरचा हात आणि रनरचा पाय एकाच वेळी पाहणे मानवी डोळ्याला जड जाते. यावर मोबाइलच्या चित्रफितीइतका स्वस्त आणि सच्चा उपाय नाही. पहिल्या बेसच्या पलीकडून, पिचर आणि रनर दोघी एका चौकटीत येतील असा फोन धरला आणि चित्रीकरण एकेक चौकट पुढे सरकवत पाहिले, तर सेकंदाला ३० चौकटींच्या साध्या चित्रीकरणातही प्रत्येक चौकट सेकंदाच्या सुमारे ३३ सहस्रांशाची असते. चेंडू बोटांतून सुटलेल्या चौकटीत डावा पाय अजून बेसवर आहे की दोन चौकटींपूर्वीच उचलला गेला आहे, की उलट पाच चौकटी चिकटूनच राहिला आहे, हे त्या मुलीला स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. असे पाहिल्यावर बहुतेक मुलींना कळते की त्यांना वाटत होते तेवढ्या लवकर त्या निघतच नव्हत्या. पंच आपल्याला बाद देतील या भीतीने पाय बेसला चिकटून राहतो, आणि ही भीती शब्दांनी जात नाही. चौकटी मोजल्यावर जाते. सरावात अधूनमधून मुद्दाम लवकर निघायला सांगावे, म्हणजे मर्यादा कुठे आहे हे मुलीला अंगाने कळते. सामन्यात ही चूक महाग पडते, सरावात ती फुकट असते.

चोरी करायची नसेल तेव्हाचा लीड-ऑफ याच सुरुवातीने होतो, पण तो तीन-चार पावलांत थांबतो. चेंडू सुटताच पहिली पावले पळून, मग पाय एकमेकांवरून न ओलांडता बाजूने सरकवत, रनर बेसपासून साधारण तीन ते साडेतीन मीटर पुढे येते आणि चेंडू बॅटरपाशी पोहोचतो नेमक्या त्या वेळी तिचे दोन्ही पाय जमिनीला टेकून गुडघे वाकलेले असतात, छाती होम प्लेटकडे असते. या वेळेत सगळे रहस्य आहे. चेंडूला बॅट लागत असताना रनर हवेत किंवा मागे वळलेली असेल तर जमिनीवरून गेलेल्या टोल्यावर तिला पुढची सुरुवात मिळत नाही, आणि हवेतला झेल पकडला गेला तर परतायला वेळ मिळत नाही. पाय टेकलेले आणि भार थोडा पुढे असेल तर तिला दोन्ही दिशा खुल्या राहतात. सरावात पिचर नसली तरी चालते. प्रशिक्षकाने हात फिरवून रिकाम्या हाताने चेंडू सोडल्याची खूण करावी आणि अर्ध्या सेकंदाने टाळी वाजवावी, टाळीच्या वेळी ज्या मुलीचे पाय हवेत दिसतील तिने परत जावे.

येथून पुढे वाचनाचे काम सुरू होते, आणि तेच सर्वांत रसाळ आहे. रनरने चेंडूचा मार्ग पाहायचा असतो: बॅटरपाशी पोहोचण्याआधीच तो तीव्र उताराने खाली जात असेल तर तो जमिनीवर आपटणार, कॅचरला गुडघ्यांवर बसून अंगाने अडवावा लागणार, आणि चेंडू तिच्या छातीवरून उडून हातभर किंवा चार हात दूर पडणार. ज्या मुली चेंडू जमिनीवर आदळल्याचे पाहून निघतात त्या उशिरा निघतात. ज्या चेंडूचा उतार आणि कॅचरचे गुडघे खाली जाणे पाहून निघतात त्यांना दुसरा बेस बहुधा मिळतो. ही चोरी प्रशिक्षकाच्या खुणेने होत नाही, कारण खूण करायला वेळच नसतो. ती त्या मुलीचा निर्णय असते, आणि तो निर्णय घेण्याचा अधिकार तिला आधीच दिलेला असावा लागतो. अशा वेळी चुकून बाद झालेल्या मुलीवर ओरडणारा प्रशिक्षक पुढच्या पाच संधी स्वतःच्या हाताने बुजवतो.

पिचर कोणता चेंडू टाकणार याचा अंदाजही येथे उपयोगी पडतो. चेंज-अप, म्हणजे हाताची गती तशीच ठेवून मुद्दाम संथ सोडलेला चेंडू, ताशी ८० ऐवजी ६५ किलोमीटरने आला तर कॅचरपर्यंत पोहोचायला त्याला दशांश सेकंदाहून अधिक वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात रनर आणखी साठ-सत्तर सेंटिमीटर पुढे जाते. बॅटरचे दोन स्ट्राइक झाल्यावर, म्हणजे आणखी एक झाल्यास ती बाद होणार असताना, अनेक शालेय पिचर चेंज-अपकडे किंवा खाली पडणाऱ्या ड्रॉपकडे वळतात, हे ओळखणारी मुलगी चोरीची वेळ आपसूक निवडते. बॅटर डावखुरी असेल तर ती पहिल्या बेसच्या बाजूला उभी असल्याने कॅचरला त्या बेसकडे फेकताना अडथळा होतो, म्हणून पहिल्या बेसवरील रनरला लीड-ऑफ थोडा लांबवता येतो. बॅटर उजवी असेल तर हीच अडचण तिसऱ्या बेसकडे फेकताना येते आणि तिसऱ्या बेसची चोरी सोपी होते. डावखुरी, पळत पळत चेंडूला बॅट लावणारी स्लॅपर बॅटर आणि तयारीतली रनर यांची जोडी तर क्षेत्ररक्षणाला सर्वाधिक सतावते. यूसीएलए विद्यापीठाची आणि पुढे अमेरिकेच्या २००४ व २००८ च्या ऑलिम्पिक संघांतील शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या व तिसऱ्या बेसमधील क्षेत्ररक्षक, नताशा वॉटली याच धाटणीची खेळाडू होती, आणि तिच्यासारख्या स्लॅपरमुळेच इनफिल्डमधील, म्हणजे बेसजवळच्या, खेळाडूंना पुढे सरकून उभे राहावे लागते, ज्यामुळे त्यांच्या मागचे बेस रिकामे पडतात.

परतणे ही लीड-ऑफची दुसरी अर्धी बाजू आहे आणि ती बहुतेक संघांत दुर्लक्षित राहते. बंटच्या, म्हणजे हळूच बॅट टेकवून केलेल्या टोल्याच्या धास्तीने पहिल्या बेसची क्षेत्ररक्षक अनेकदा बॅटरच्या दिशेने पुढे उभी असते. तेव्हा कॅचरने पहिल्या बेसवर झटकन फेकायचे ठरवले तर चेंडू घ्यायला दुसऱ्या बेसची क्षेत्ररक्षक धावत यावी लागते. रनरने बेसवर येताच ही क्षेत्ररक्षक कुठे उभी आहे ते पाहून ठेवले तर लीड किती घ्यायचा ते तिला कळते. परतताना एक पाऊल ओलांडून, मग हात पुढे करून झेप, आणि हात बेसच्या मागच्या कोपऱ्यावर, टॅगपासून शक्य तेवढा दूर. बेसच्या मध्यावर हात ठेवणारी मुलगी क्षेत्ररक्षकाचे काम सोपे करते. पहिल्या बेसला जेथे दुहेरी बेस वापरतात, म्हणजे आतला पांढरा आणि बाहेरचा नारिंगी, तेथे नारिंगी भाग केवळ होम प्लेटवरून धावत येणाऱ्या बॅटरची टक्कर टाळण्यासाठी असतो. लीड-ऑफनंतर परतायचे ते पांढऱ्या भागावरच.

चेंडू पिचरकडे परत गेल्यावर काय होते, हे पालकांना आणि कधी कधी प्रशिक्षकांनाही नीट ठाऊक नसते. पिचिंग प्लेटभोवती आठ फूट त्रिज्येचे एक वर्तुळ आखलेले असते. पिचर हातात चेंडू घेऊन या वर्तुळात उभी आहे आणि बॅटर पहिल्या बेसला पोहोचली आहे किंवा बाद झाली आहे, एवढ्या गोष्टी जुळल्या की बेसपासून दूर असलेल्या प्रत्येक रनरला लगेच पुढे किंवा मागे जावे लागते. ती थांबलेली असेल तर एकदाच दिशा ठरवता येते, आणि ठरवल्यानंतर दिशा बदलली किंवा पुन्हा थांबली तर पंच तिला बाद देतात. याला लुक-बॅक नियम म्हणतात. पिचर चेंडू घेऊन उभी आहे आणि रनर मध्येच रेंगाळत तिला चिडवते आहे, असला पोरखेळ या नियमाने बंद केला. पिचरने एखाद्या रनरला बाद करण्याची हालचाल केली, अगदी फेकण्याचे सोंग केले, तरी हे बंधन सुटते. याच नियमाच्या कडेवर एक सुंदर डाव आहे. तिसऱ्या बेसवर रनर असताना बॅटरला चार बॉल, म्हणजे टप्प्याबाहेर टाकलेले चार चेंडू, मिळून पहिला बेस मोफत मिळाला, तर ती पहिल्या बेसवर न थांबता तशीच दुसऱ्या बेसकडे धावू शकते. पिचरने तिला बाद करायला चेंडू फेकला की तिसऱ्या बेसवरची होमकडे सुटते. पिचरने दुर्लक्ष केले तर दुसरा बेस फुकट मिळतो. अट एवढीच की पहिल्या बेसपाशी पाऊल अडखळता कामा नये.

दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवरील लीड-ऑफ वेगळ्या विचाराने घ्यावा लागतो. तिसऱ्या बेसवरील रनरने होमकडे जाणाऱ्या रेषेच्या बाहेरून, म्हणजे फाउल भागातून पुढे यावे, कारण तेथे टोललेला चेंडू अंगावर आला तरी तो नुसता फाउल ठरतो. रेषेच्या आत लागला तर ती बाद होते. परतताना मात्र तिने रेषेच्या आतून यावे, म्हणजे कॅचर आणि तिसऱ्या बेसची क्षेत्ररक्षक यांच्यामध्ये तिचे अंग येते आणि फेक अवघड होते. दुसऱ्या बेसवरील रनरचे महत्त्व बरोबरीच्या सामन्यांत फार वाढते, कारण आंतरराष्ट्रीय सामने सात डावांनंतर बरोबरीत असतील तर आठव्या डावापासून प्रत्येक संघ आपली एक रनर दुसऱ्या बेसवर ठेवूनच सुरुवात करतो. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमधील अमेरिका-ऑस्ट्रेलिया सामना जादा डावांच्या आणि बेसच्या स्पर्शाच्या संदर्भात वारंवार आठवला जातो. अमेरिकेच्या डॅनी टायलरने टोला कुंपणापलीकडे मारला, पण जल्लोषात तिचा पाय होम प्लेटला लागला नाही आणि ती धाव रद्द झाली. पुढे जादा डावांत ऑस्ट्रेलियाने सामना २-१ असा जिंकला. सुवर्णपदक शेवटी अमेरिकेनेच मिळवले, परंतु बेसला स्पर्श ही गोष्ट किती निर्दय असते हे त्या एका पावलाने दाखवून दिले.

पहिल्या आणि तिसऱ्या अशा दोन्ही बेसवर रनर असतील तेव्हा चोरीचे स्वरूप बदलते. पहिलीवरची मुलगी पळते ती कॅचरने दुसऱ्या बेसकडे फेकावे म्हणून, आणि तिसरीवरची चेंडूकडे डोळे लावून असते: फेक पिचरच्या डोक्यावरून उंच गेली तर ती खरोखर दुसऱ्या बेसला चालली आहे, तेव्हा होमकडे सुटायचे, ती खांद्याच्या उंचीवर, पिचरला किंवा पुढे आलेल्या क्षेत्ररक्षकाला मध्येच पकडता येईल अशी असेल तर परत बेसवर. हा एवढा एकच प्रश्न शेकडो वेळा विचारून तो मुलींच्या अंगवळणी पाडावा लागतो. विलंबित चोरी हा याच बुद्धीचा आणखी एक प्रकार आहे. रनर नेहमीसारखा लीड-ऑफ घेते, परतल्यासारखी दाखवते, आणि कॅचरने पिचरकडे संथपणे चेंडू टाकायला हात उचलला की सुटते. दुसऱ्या बेसच्या आसपासच्या दोघी क्षेत्ररक्षक प्रत्येक चेंडूनंतर पाठ फिरवून आपल्या जागी जात असतील तर या चोरीला त्या आमंत्रणच देत असतात.

पळण्याचा शेवट स्लाइडने, म्हणजे घसरत बेस गाठण्याने होतो, आणि येथे प्रशिक्षकाची जबाबदारी खेळापलीकडे जाते. एक पाय दुमडून दुसरा सरळ ठेवत बसून घसरणे ही मुलींना प्रथम शिकवायची स्लाइड. ती ओल्या गवतावर किंवा पुठ्ठ्यावर मोजे घालून शिकवली तर भीती जाते. घोटे आणि बोटे दुखावतात ती बहुतेक उशिरा सुरू केलेल्या किंवा मधेच विचार बदललेल्या स्लाइडमध्ये. जमिनीत घट्ट रोवलेला बेसही तितकाच घातक असतो. डेव्हिड जॅंडा आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतील अभ्यासात, आदळल्यावर सुटून येणारे बेस वापरलेल्या मैदानांवर हौशी सॉफ्टबॉल खेळाडूंच्या घसरण्याच्या दुखापती तब्बल ९६ टक्क्यांनी कमी आढळल्या. महाराष्ट्रात शालेय स्पर्धांतून हा खेळ मुली ज्या मुरमाच्या मैदानांवर खेळतात त्यांना हा निष्कर्ष अधिकच लागू आहे. तेथे लांब पँट, गुडघ्याचे पॅड आणि बेसच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन मीटर चाळलेली माती एवढी व्यवस्था झाल्याशिवाय स्लाइडचा सराव घेऊ नये.

दहा-बारा वर्षांच्या मुलींच्या अनेक अमेरिकन लीगमध्ये चोरीवर स्थानिक बंधने असतात, कारण त्या वयातील कॅचरला दुसऱ्या बेसपर्यंत फेकताच येत नाही आणि मोकळीक दिली तर सामना म्हणजे नुसती पळापळ होते. परंतु चोरी बंद असली तरी लीड-ऑफ शिकवण्यास कोणतीच आडकाठी नसते. या वयात पिचरचा हात वाचायला, पाय टेकवून थांबायला आणि मागच्या कोपऱ्यावर परतायला शिकलेली मुलगी बारा-तेराव्या वर्षी मोठ्या गटात येते तेव्हा तिला फक्त थांबायचे नाही एवढेच नवे शिकायचे असते. प्रशिक्षकाच्या खुणा त्यामुळे कमी लागतात: पहिल्या बेसच्या बाजूचा प्रशिक्षक कॅचरच्या फेकीवर ‘बॅक’ ओरडतो, तिसऱ्या बेसच्या बाजूचा चोरीची खूण देतो, आणि त्या दोन्हींच्या मधल्या अर्ध्या सेकंदात जे घडते ते मुलगी स्वतः पाहते आणि ठरवते.